घरचं फळांचं सिरप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की माझा फोन वाजायला लागतो, आणि लिंबाचे भाव पडले की पुन्हा. वरूड-मोर्शीकडच्या बगीचेवाल्या बाया, अकोल्याकडचे लिंबूवाले, बचत गटातल्या मुली, सगळे साधारण तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. प्रश्नांना आकडे दिले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे तो आकडा दिला आहे.

१. सिरप, स्क्वॅश आणि शरबत यांत फरक काय?

शरबत म्हणजे ग्लासात तयार होऊन लगेच प्यायचं पेय. सिरप आणि स्क्वॅश हे त्याचे घट्ट, बाटलीत टिकणारे प्रकार, त्यात पाणी घालून शरबत होतं. दोघांतला फरक साखरेचा. स्क्वॅशमध्ये विरघळलेला गोडवा साधारण ४० ते ५० टक्के असतो, सिरपमध्ये ६५ च्या आसपास. फळाचा रस दोन्हींत किमान २५ टक्के हवा. घरी आपण दोन्हीला सिरपच म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. पण टिकण्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ६५ टक्के साखरेत बुरशी आणि यीस्टला वाढायला मोकळं पाणी फारच कमी मिळतं, ४५ टक्क्यांत पुरेसं मिळतं. म्हणून स्क्वॅशला आंबटपणा, परिरक्षक (माल टिकवणारी पावडर) किंवा फ्रिज यांची जोड लागते.

२. पहिल्यांदाच करते आहे. कोणत्या फळापासून सुरुवात करू?

लिंबापासून. ते इतकं आंबट असतं की चुका पोटात घालतं. संत्र्याला मात्र दुसऱ्या वर्षी हात घाला.

वर्षभराचा क्रम आमच्या भागात असा लागतो: दिवाळीच्या आगेमागे आंबियाची (थंडी सरताना फुललेल्या बहराची) संत्री, त्यानंतर थंडीत आवळा आणि अंबाडीची बोंडं, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची (पाऊस लागताना फुललेल्या बहराची) संत्री आणि कवठ, मग कैरी, आणि पाऊस लागताना जांभूळ. चिखलदऱ्याकडच्यांना थंडीत स्ट्रॉबेरीही मिळते.

३. भांडी कोणती वापरायची? जर्मनचा गंज (ॲल्युमिनियमचं पातेलं) चालेल का?

नाही. आंबट रस ॲल्युमिनियम खातो, चवीत धातू उतरतो आणि गंज काळा पडतो. कल्हई गेलेलं पितळ तर अजिबात नको. लोखंडी कढईत जांभूळ शिजवलं तर शाईसारखं काळं होतं. स्टीलचा गंज, स्टीलचा किंवा लाकडी चमचा, आणि गाळायला जुन्या सुती धोतराचं उकळून वाळवलेलं फडकं, एवढं पुरे.

बाटल्या काचेच्याच घ्या. मोठ्या भांड्यात तळाला फडकं घालून त्यावर बाटल्या ठेवा, पाण्याने बुडवा आणि १५ ते २० मिनिटं उकळा. झाकणं वेगळी उकळा. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीत गरम सिरप ओतलं की बाटली आकसते. ती गार सिरपलाही नको, कारण तिला उकळून निर्जंतुक करता येत नाही.

४. संत्र्याच्या सिरपचं नेमकं प्रमाण सांगा.

रस १ लिटर, साखर पावणेदोन किलो, पाणी १ लिटर, सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) २५ ग्रॅम. एक लिटर रसाला साधारण अडीच किलो संत्री लागतात. यातून तीन लिटरच्या आसपास माल होतो. वरच्या हिशोबाने हा स्क्वॅश झाला.

पाणी, साखर आणि लिंबूसत्त्व एकत्र करून एक उकळी आणा, वर आलेली मळी काढा आणि पाक फडक्यातून गाळा. मग तो पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे गंजाला बाहेरून हात लावला तर ऊब लागायला नको. तोवर संत्री सोलायलासुद्धा घेऊ नका. पाक गार झाला की रस काढा, लगेच गाळा, लगेच मिसळा. परिरक्षक घालायचं असेल तर प्रश्न ११ पाहा. बाटली भरताना वर दोन बोटं जागा सोडा.

पिताना एका भागाला तीन भाग पाणी. मातीच्या माठातलं पाणी असेल तर बर्फाची गरज नाही.

५. ताई, संत्र्याचं सिरप दुसऱ्या दिवशी कडू काऊन होते? रस काढला तवा तर गोड होता!

हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि माझ्याही वाट्याला तो आला आहे. पहिल्या वर्षी मी संत्री सोलून फोडी तशाच मिक्सरला लावल्या, रस गरम पाकात ओतला आणि बावीस बाटल्या भरल्या. चाखून पाहिलं तेव्हा उत्तम होतं. चौथ्या दिवशी घरी पाहुणे आले. पहिल्या घोटानंतर मामंजींनी ग्लास हळूच खाली ठेवला. मी चाखून पाहिलं तर जिभेच्या मागच्या बाजूला कडूशार. बावीसच्या बावीस बाटल्या तशाच निघाल्या.

कारण असं. संत्र्याच्या बियांत, फोडीच्या पातळ पापुद्र्यात आणि पांढऱ्या शिरांत एक घटक असतो. फळात असेपर्यंत तो कडू नसतो. पेशी फुटून तो आंबट रसात आला की काही तासांत त्याचं लिमोनीन होतं, आणि लिमोनीन अतिशय थोडं असलं तरी कडू लागतं. उष्णतेने हे काम झपाट्याने होतं. म्हणजे मी तीन चुका एकदम केल्या होत्या: बिया दळल्या, पापुद्रे रसात ठेवले, आणि वरून उष्णता दिली.

आता मी असं करते. संत्रं सोलून शिरा शक्य तेवढ्या काढते. अख्खं सोललेलं फळ आडवं कापते, म्हणजे प्रत्येक फोडीतल्या बिया उघड्या पडतात आणि सुरीच्या टोकाने निघतात. मग अर्ध भाग गाळणीवर उपडा धरून तळहाताने दाबते. पिळत नाही, दाबते. दोन वेळा दाबल्यावर जे निघत नाही ते सोडून देते. शेवटचा चार चमचे रस काढायला गेलं की कडूपणाही सोबत येतो. चोथा गाळणीत साचू देत नाही, दर पाच-सहा फळांनी रिकामा करते. अशाने किलोमागे चारशे मिलीच्या आसपास रस येतो. मिक्सरपेक्षा कमी, पण तो गोड राहतो.

फळाचाही भाग असतो. कच्चट, हिरव्या बुडाच्या फळात हा घटक जास्त, झाडावर पूर्ण पिकलेल्यात कमी. हंगामाच्या सुरुवातीला तोडलेली आंबियाची फळं म्हणून जास्त दगा देतात. माझा भरवसा मृगाच्या उशिराच्या तोडीवर.

एकदा कडू झालेलं सिरप साखर घालून गोड होत नाही, फक्त गोड आणि कडू असं दोन्ही लागतं. तो प्रयत्न करू नका.

६. व्यापाऱ्याने चुरी म्हणून बाजूला काढलेली बारीक फळं चालतील का? आणि खाली गळलेली?

चुरी चालते, आणि मी तर म्हणेन सिरप त्यासाठीच करावं. आकार लहान असला तरी फळ पिकलेलं असेल तर रसात काही कमी नसते. तोडणीच्या दिवशी बगीच्यात बांधाला चुरीचे ढीग पडलेले दिसतात तेव्हा जीव हळहळतो. वर्षभर पाणी, खत, फवारणी देऊन वाढवलेलं फळ असतं ते. सोलायला वेळ जास्त लागतो, एवढाच तोटा.

गळीचं मात्र नको. फळ गळतं त्यामागे बहुतेक वेळा बुरशी असते किंवा रस शोषणाऱ्या पतंगाने पाडलेलं बारीक छिद्र असतं. त्या छिद्रातून आत आंबणं सुरू झालेलं असतं आणि अशी दोन फळं अख्खा गंज बिघडवतात. वाऱ्याने त्याच दिवशी पडलेलं, डाग नसलेलं, पिकलेलं फळ असेल तर घ्या, पण त्याच दिवशी वापरा.

७. लिंबाचं प्रमाण वेगळं असते का?

हो. रस १ लिटर, साखर २ किलो, पाणी १ लिटर. लिंबूसत्त्व घालायचं नाही. इथेही पाक गार करूनच रस घाला. लिंबाच्या बियांतही तोच कडू घटक असतो आणि साल फार जोरात दाबली तर सालीतलं तेल उतरून रस उग्र होतो. महिन्या-दोन महिन्यांनी लिंबाचं सिरप पिवळट तपकिरी व्हायला लागतं. ते खराब झालेलं नसतं, पण ताजेपणा गेलेला असतो. म्हणून मी एका वेळी चार-पाच बाटल्यांच्या वर करत नाही.

८. साखर कमी केली तर? किंवा गूळ घातला तर?

साखर इथे फक्त गोडीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे (प्रश्न १). अर्धी केलीत तर ते सिरप फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायचं पेय होतं. तसं करायला हरकत नाही, फक्त ते कपाटात ठेवू नका.

गूळ कैरी, कवठ आणि चिंचेला शोभतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला चिंचोणी होते ती गुळाचीच, साखरेची चिंचोणी मला तरी पटत नाही. संत्र्यात मात्र गूळ रंगही मारतो आणि वासही. शिवाय गुळात माती, काड्या आणि यीस्ट सगळं येतं, म्हणून तो पाण्यात विरघळवून, उकळून, फडक्यातून गाळूनच वापरा. गुळाचं सिरप फ्रिजमध्येच ठेवायचं.

९. अंबाडीच्या बोंडांचं सिरप करता येते म्हणे? आम्ही तर भाजीच करतो.

करता येतं, आणि ते एकदा केलं की तुम्ही दरवर्षी कराल. अंबाडीची पाने सगळ्यांना ठाऊक, ज्वारीच्या कण्या घातलेली भाजी आणि वरून लसणाची फोडणी. पण थंडीत झाडाला लालभडक बोंडं येतात ती कित्येक शेतांत बियाण्यापुरती ठेवून बाकीची वाळून जातात. खरं तर ते फळ नव्हे. फळाभोवतीच्या मांसल लाल पाकळ्या आपण वापरतो, आतली हिरवी बियांची गाठ टाकतो.

बोंड डाव्या हातात धरा, देठाच्या बाजूने सुरीचं टोक गोल फिरवा आणि अंगठ्याने मागून ढकला. हिरवी गाठ सुटून बाहेर पडते आणि हातात लाल फूल उरतं. पहिली दहा बोंडं वेळ खातात, मग हात बसतो. एक किलो सोललेल्या बोंडांना दीड लिटर पाणी घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. पाणी आधी गुलाबी, मग गडद लाल होतं आणि पाकळ्या फिक्या पडतात. रंग पाण्यात उतरला की आच बंद. फडक्यातून गाळा, चोथा पिळू नका, आपला आपण निथळू द्या.

या अर्काच्या प्रत्येक लिटरला पावणेदोन किलो साखर घाला, विरघळवा, एक उकळी आणा आणि गरम असतानाच गरम बाटल्यांत भरा. हे खरं सिरप, ६५ टक्क्यांच्या आसपासचं. अंबाडीचा आंबटपणा पुरेसा असतो, लिंबूसत्त्व लागत नाही. संत्र्याला उष्णता चालत नाही आणि अंबाडीला ती हवीच असते, हा फरक लक्षात ठेवा. एका भागाला चार ते पाच भाग पाणी, चिमूटभर काळं मीठ.

बोंडं वाळवूनही ठेवता येतात. मग लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या रात्रभर भिजवून उकळा.

१०. कवठाचं सिरप बाटलीतच थिजलं. आता काय करू?

कवठात पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन, आंबटपणा आणि ६५ टक्के साखर एकत्र आली की जेली होते. तुम्ही नकळत कवठाची जेली केली आहे. चमच्याने काढा आणि पोळीला लावून खा, फार छान लागते.

पुढच्या वेळी कवठाचा गर कोमट पाण्यात कुस्करून गाळा, शिजवू नका, आणि साखर किंवा गूळ गराएवढाच घ्या. मग ते फ्रिजमध्ये ठेवा. पेरूचंही असंच होतं. खरं सांगायचं तर कवठाचं शरबत ताजंच करावं. गर गुळात कालवून डबा फ्रीझरमध्ये ठेवला की हवं तेव्हा पाणी घालून घोटता येतं.

११. टिकण्यासाठी पावडर कोणती घालायची, किती?

दोन आहेत. संत्रं, लिंबू, कैरी, आवळा अशा फिक्या फळांना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे दुकानात केएमएस म्हणून मिळतं ते: तयार मालाच्या लिटरला ०.६ ग्रॅम. प्रश्न ४ मधल्या तीन लिटरला १.८ ग्रॅम. जांभूळ, अंबाडी, स्ट्रॉबेरी, डाळिंब अशा लाल-जांभळ्यांना सोडियम बेंझोएट: लिटरला ०.७ ग्रॅम. केएमएस या फळांचा रंग उडवतं, जांभळाचं सिरप गढूळ गुलाबी करून टाकतं.

“चिमूटभर” हे माप इथे चालत नाही. चिमूट माझी वेगळी, तुमची वेगळी. सोनारासारखा छोटा डिजिटल काटा घ्या, किंवा गटाने मिळून एक घ्या. पावडर खाण्याच्या दर्जाचीच हवी. दोन चमचे गार पाण्यात विरघळवून शेवटी मिसळा, उकळत्या पाकात टाकली तर वायू उडून जातो. बाटली उघडल्यावर पहिल्यांदा गंधकासारखा वास येतो तो यामुळेच.

घरात कोणाला दमा असेल तर केएमएस घातलेलं देऊ नका. सल्फाइटने काहींना दम लागतो. त्यांच्यासाठी प्रश्न १२ मधला मार्ग.

१२. काहीच पावडर न घालता किती दिवस टिकेल? आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन जाते.

अंबाडी, जांभूळ, कैरी हे गरम करून भरता येणारे प्रकार आहेत. ६५ टक्के साखर, उकळतं सिरप आणि गरम बाटली एवढं सांभाळलं तर न उघडलेली बाटली अंधाऱ्या, गार जागी काही महिने राहते. उघडली की फ्रिजमध्ये.

संत्र्याचं तसं नाही. ते गरम करायचं नाही, त्यात साखर कमी, म्हणून पावडरीशिवाय फ्रिजमध्ये पंधरा दिवस धरा. नाहीतर फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांत ठेवा आणि लागेल तसा एक डबा काढा. लाइन जास्त वेळ जाणाऱ्या गावात मी पावडरच सुचवते, योग्य मापात घातलेली.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखालचं कपाट म्हणजे भट्टीच. बाटल्या माठाखालच्या ओल्या वाळूत मानेपर्यंत पुरून ठेवा, किंवा ओलं पोतं गुंडाळून ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल उडताना चांगला गारवा देते. झाकण मात्र कोरडं राहू द्या.

१३. बाटलीच्या तळाला साखर खडी होऊन बसली.

साध्या तापमानाला पाणी आपल्या दुपटीइतकी साखर धरून ठेवतं, त्यापुढची खडी होते. म्हणजे पाक जास्त आटला किंवा साखर मापापेक्षा जास्त पडली. अंबाडी-जांभळाचं असेल तर थोडं पाणी घालून पुन्हा गरम करा. संत्र्याचं असेल तर गरम करू नका, वरचं सिरप गाळून घ्या. पाक करतानाच लिंबूसत्त्व घातलं की हा त्रास सहसा होत नाही, कारण आंबटपणात उकळलेली साखर काही प्रमाणात फुटते आणि खडी धरत नाही.

तळाला गर बसणं ही वेगळी गोष्ट आहे. ते नैसर्गिक, बाटली हलवून घ्या.

१४. झाकण उघडताना फस्स झालं. पिऊ का? आणि वर पांढरी साय आली आहे, ती काढून चालेल का?

दोन्हींचं उत्तर एकच: नाही. फस्स म्हणजे आत आंबणं सुरू झालं आहे. त्या हंगामाच्या बाकीच्या बाटल्याही झाकणावर कापड धरून, तोंड बाजूला करून उघडा, दाबाने काच फुटू शकते.

पांढरी साय किंवा हिरवट ठिपका ही बुरशी. वरची काढली तरी तिचे धागे आणि तिने सोडलेलं आत राहतं. ओतून द्या. ती वरच का येते, तर गरम बाटलीच्या झाकणाला वाफ जमते, थेंब खाली पडतात आणि वरचा थर पातळ होतो. म्हणून गरम भरलेली बाटली झाकण लावल्यावर पाच मिनिटं उपडी ठेवा, झाकणही तापतं. गार झाल्यावर एकदा हलवा.

१५. आम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरच्या पाण्याने केलेलं शरबत मचूळ लागते.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत भूजलच खारं आहे, त्याला सिरप काय करणार. उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून वाढतात. सिरपसाठी आणि पिताना मिसळायलाही आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पावसाचं पाणी आधी उकळून गार करा. पाहुण्यांसाठी मी मिसळायचं पाणीही सोबत घेऊन जाते.

१६. टरबूज, सीताफळ, चिकू, पपई यांचं सिरप?

साठवायला करू नका. आधीच्या प्रश्नांतली सगळी फळं आंबट आहेत आणि तो आंबटपणाच आपलं रक्षण करतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असलेल्या गोड फळांत, हवाबंद बाटलीत, घातक जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाहीत. टरबुजाचा रस काढा आणि पिऊन टाका. पिकलेल्या आंब्यालाही लिंबूसत्त्व घातल्याशिवाय बाटलीत भरू नका.

१७. ऊन लागलेल्याला संत्र्याचं सिरप द्यावं का? आणि शुगरवाल्यांना?

ऊन लागून चक्कर, उलट्या, अंग तापणं असेल तर आधी सावली, अंगावर ओलं कापड आणि दवाखाना. शुद्धीवर असेल तर ओआरएस. ते नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बरळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. घट्ट गोड सिरप अशा वेळी नको, जुलाब असतील तर ते वाढतात.

शुगरवाल्यांना हे पेय नाही. प्रश्न ४ च्या मापाने २०० मिलीच्या एका ग्लासात तीस ग्रॅम साखर जाते, म्हणजे सहा चहाचे चमचे. त्यांना ताजं लिंबू, मीठ, जिरेपूड घालून द्या. मुलांनाही दिवसातून एकच ग्लास.

१८. गटाने बाटल्या विकायच्या आहेत. काय लागेल?

अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी, ती लहान उत्पादकालाही लागते. उलाढाल वाढली की परवाना. लेबलवर घटक, परिरक्षकाचं नाव, केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, वजन आणि पत्ता. “स्क्वॅश” किंवा “सिरप” लिहिणार असाल तर प्रश्न १ मधलं रसाचं प्रमाण पाळावं लागतं.

गोडी मोजायला ब्रिक्समीटर घ्या. द्राक्षवाल्यांकडे असतो तो ३२ पर्यंतच दाखवतो, सिरप त्याच्या बाहेर जातं. अशा वेळी १० ग्रॅम सिरपमध्ये २० ग्रॅम पाणी मिसळा आणि आलेल्या आकड्याची तिप्पट करा. दोन्ही वजनाने मोजा, मापाने नाही.

आणि प्रत्येक खेपेची एक बाटली विकू नका. तारीख लिहून घरी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी उजेडात धरून पाहा. गिऱ्हाइकाचा फोन यायच्या आधी ती बाटली तुम्हाला सांगते.